२४ घरांना एकच घर धरून पाणीपट्टी लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, पाणीपट्टी बिलिंग
(महापालिकेने मीटर रिडिंग आणि बिलं काढायचं काम दिलेली कंपनी)

नमस्कार,

मी आमच्या सोसायटीची खजिनदार. २४ फ्लॅट, सगळ्यांत मिळून एक नळजोडणी, एक मीटर. मे महिन्यापासून बिलिंग तुमच्याकडे आलं आणि पहिल्याच बिलाला ८९७० रुपये. मार्चला आम्ही ३७२० भरले होते. वापर म्हणाल तर मार्चला ३१० युनिट आणि मेला ३१२ युनिट, म्हणजे दोन हजार लिटरचा फरक, तेवढ्यावर पाच हजार रुपये कसे वाढले ते मला कुणीतरी समजावून सांगा.

हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला मॅडम लिकेज असेल, प्लंबरला दाखवा. अरे पण लिकेज असतं तर रिडिंग वाढलं असतं ना! रिडिंगबद्दल तर आमची तक्रारच नाहीये. मीटर गेटजवळच्या चेंबरमध्ये आहे, पाऊस पडला की ते चेंबर गढूळ पाण्याने भरतं, वॉचमन मगने पाणी उपसून देतो, मग तुमचा रिडिंगवाला काच अंगठ्याने पुसतो आणि मोबाईलवर फोटो काढतो. तो फोटो बिलावर छापून येतो, आकडे स्वच्छ दिसतात, खाली त्याच्या चपलेचं टोक पण दिसतं. तो मुलगा त्याचं काम चोख करतोय. गडबड त्याच्यानंतर होते, तुमच्या ऑफिसात.

आता हिशोब मांडते, कारण फोनवर कुणी ऐकून घेत नाही. बिलाच्या मागे दरांचा तक्ता तुम्हीच छापलाय. महिन्याला पहिले १५ युनिट ८ रुपयांनी, त्यापुढे २५ युनिटपर्यंत १२ रुपयांनी, त्याच्यावर सगळं २० रुपयांनी. आणि पाण्याची जी रक्कम होईल तिच्या ५० टक्के मलनिस्सारण आकार. ठीक आहे, हे दर मान्य आहेत. आमचे ३१२ युनिट भागिले २४ घरं म्हणजे घरटी १३ युनिट, म्हणजे प्रत्येक घर पहिल्याच स्लॅबमध्ये. ३१२ गुणिले ८ झाले २४९६, त्याच्या निम्मे ड्रेनेजचे १२४८, एकूण ३७४४. हे आमचं खरं बिल. तुम्ही काय केलं, तर अख्ख्या बिल्डिंगला एक कुटुंब धरलं. १५ युनिट ८ ने, १० युनिट १२ ने, आणि उरलेले २८७ युनिट सरळ २० ने. पाण्याचेच ५९८० झाले, ड्रेनेज २९९०. म्हणजे तुमच्या सिस्टीमच्या मते आमच्या गेटच्या आत कुणीतरी एकच माणूस बायकामुलांसह राहतो आणि रोज दहा हजार लिटर पाणी ओततो.

हे झालं कशामुळे तेही मीच शोधलं, तुमच्यापैकी कुणी शोधलं नाही. मार्चच्या बिलावर ग्राहक क्रमांकाच्या खाली बारीक अक्षरात एक रकाना आहे, 'सदनिका संख्या ०२४'. मेच्या बिलावर त्याच जागी '००१'. बस. जुन्या सिस्टीममधला डेटा तुमच्याकडे आणताना हा रकाना रिकामा राहिला असणार आणि सॉफ्टवेअरने १ टाकून दिलं असणार, दुसरं काही कारण मला तरी दिसत नाही. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांची बिलं मागून बघितली, त्यांच्यावरही ००१. त्यांच्यातली एक सहा फ्लॅटची आहे, तिथे फटका लहान म्हणून अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, मॅडम फ्लॅटमागे सव्वादोनशे रुपयांसाठी कशाला एवढं मनाला लावून घेता. (२१८ रुपये, साहेब, सव्वादोनशे पण नाही.) तर ऐका. महिन्याचे ५२२६ म्हणजे वर्षाचे ६२,७१२. आमच्या सोसायटीत लिफ्टची दुरुस्ती दोन वर्षं पैशांवाचून रखडलीय. आणि दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे पेन्शनर आजोबा आहेत, त्यांना महिन्याला फार तर चार युनिट लागत असतील, त्यांच्याही वाट्याला हे येतं, कारण मेंटेनन्स फ्लॅटमागे सारखाच आहे.

पण माझा मुख्य मुद्दा पैशांच्याही पुढचा आहे, तो जरा नीट वाचा.

पाण्याचा दर ठरवायचा अधिकार कुणाला? महापालिकेच्या कायद्यात सरळ आहे, आयुक्तांकडून प्रस्ताव येतो, स्थायी समिती बघते आणि पुढच्या वर्षाच्या करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. निवडणुका रखडल्या होत्या तेव्हा प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच सभागृह होते, आम्हाला ते आवडत नव्हतं, पण निदान ठराव तरी कागदावर व्हायचा. मुंबईत २०१२ पासून पाणीपट्टी वर्षाला जास्तीत जास्त ८ टक्के वाढवता येईल असं धोरण आहे, तेही मंजूर होऊनच आलं. पुण्यात २०१६ साली २४ तास पाण्याच्या योजनेसाठी २०४७ पर्यंत पाणीपट्टी कशी वाढवत न्यायची ते सभागृहात मांडलं गेलं, त्यावर भांडणं झाली, पेपरात आलं. चांगलं वाईट जे काय ठरलं ते लोकांसमोर ठरलं. आमचा दर मात्र अडीच पटीच्या आसपास गेला तो एका रकान्यात २४ च्या जागी १ आल्यामुळे, आणि हे कुणी ठरवलं नाही, कुणी मंजूर केलं नाही, कुणाला विचारलं नाही. तुमचं काम ठरलेल्या दराने गुणाकार करायचं. तो चुकला की आपोआप नवीन दर लागू होतो आणि तो नवीन दर तुम्ही सभागृहाच्या डोक्यावरून लावलाय.

आणि ठरावात काय आहे ते मी माहिती अधिकारात मागवलं, दहा रुपये फी भरून. कॉपी सोबत जोडतेय. त्यात स्पष्ट लिहिलंय की एकत्रित नळजोडणी असलेल्या गृहनिर्माण संस्थांना टप्प्याची मर्यादा सदनिकांच्या संख्येने गुणून लावावी. म्हणजे आमचा पहिला स्लॅब १५ युनिटचा नाही, २४ गुणिले १५ म्हणजे ३६० युनिटचा. आम्ही ३१२ वापरले, त्यातही ४८ युनिट आमच्याकडून उरले.

हा नियम काही आमच्यावर केलेली मेहेरबानी नाही. बाकी शहरांतही हेच चालतं. मुंबईत एका कुटुंबाला दिवसाला ७५० लिटर म्हणजे माणशी १५० लिटर धरून स्लॅब लावतात, १५० च्या वर गेलात की दुप्पट, पुढे तिप्पट, चौपट. दिल्लीत महिन्याला २० हजार लिटर फुकट दिले तेव्हा एकत्र जोडणीवाल्या सोसायट्यांनाही घरांच्या संख्येने गुणून दिले. कारण उघड आहे, स्लॅब कशासाठी असतात? गरजेपुरतं पाणी स्वस्त आणि चैनीचं महाग, एवढंच त्याच्यामागे. आता तुमच्या पद्धतीने बघा काय होतं. आमच्याच रस्त्यावर एक बंगला आहे, पुढे लॉन, मागे दोन गाड्या धुतात. समजा त्यांनी महिन्याला २४ युनिट वापरले, तर १५ चे १२० आणि ९ चे १०८, मिळून २२८ रुपये, म्हणजे हजार लिटरला साडेनऊ. आम्ही फ्लॅटवाले घरटी १३ युनिट वापरतो आणि आम्हाला हजार लिटरला पडतात एकोणीस रुपये. लॉनवाल्याला साडेनऊ आणि बादली मोजून आंघोळ करणाऱ्याला एकोणीस! बिल्डिंग जितकी मोठी तितका दर जास्त, असला दर जाणूनबुजून कुणी ठेवेल का हो.

आणि आम्ही काही उधळ्या माणसांची सोसायटी नाही. आमच्याकडे लहानथोर मिळून ९६ माणसं राहतात, ३१२ युनिटला ३० दिवसांनी आणि ९६ माणसांनी भागा, माणशी १०८ लिटर येतात. ड्रेनेज असलेल्या शहरासाठी केंद्राचा मापदंडच १३५ लिटरचा आहे. आम्ही त्याच्याही खाली. त्याच मापदंडात असंही आहे की शहरात गळतीने आणि बिलाविना जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं, तर कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हमधून दिवाळीपासून जे वाहतंय ते कुणाच्या खात्यात धरायचं ते बघा, मला आज त्यात शिरायचं नाही.

ड्रेनेजबद्दल मात्र वेगळं सांगायलाच हवं. गटारात मीटर नसतो, मैला कुणी मोजत नाही. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के ड्रेनेजमध्ये जातं असं इंजिनियर लोक धरून चालतात, म्हणून बहुतेक ठिकाणी मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या बिलाला बांधून टाकलेला असतो. मुंबईत ७० टक्के, दिल्लीत ६०, आपल्याकडे ५०. सोय म्हणून ठीक आहे. पण त्याचा परिणाम असा की पाण्याचं बिल चुकलं की ड्रेनेजचं न बोलता त्याच्या मागोमाग चुकतं. मार्चमध्ये आमच्या बिल्डिंगमधून जेवढं सांडपाणी गेलं तेवढंच मेमध्ये गेलं, संडास बाथरूम काही वाढले नाहीत, तरी आकार १२४० वरून २९९० वर. त्यामुळे दुरुस्ती करताना नुसतं पाण्याचं दुरुस्त करून ड्रेनेज तसंच ठेवू नका. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तुमच्या माणसाने नेमकं हेच सांगितलं, की पाण्याचं बघू, ड्रेनेजचं वेगळं डिपार्टमेंट आहे. वेगळं डिपार्टमेंट असेल, पण बिल एकच आहे आणि ते तुम्ही काढता.

आधी ऑनलाइन तक्रार टाकली होती. दुसऱ्या दिवशी एसेमेस आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काय निकाल लागला ते त्यात नव्हतं. परत टाकली, परत तोच मेसेज. तुमच्याकडे तक्रार बंद करायला माणूस आहे पण वाचायला नाही असं दिसतंय, म्हणून हे पत्र कागदावर, आवक नंबर घेऊन देतेय, आणि कॉपी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला.

तर आता काय करायचं ते सांगते. आमच्या ग्राहक क्रमांकासमोर सदनिका संख्या २४ करा, भोगवटा प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत आहे, आणखी काही लागणार नाही. मेचं बिल पाणी आणि ड्रेनेज दोन्ही धरून नव्याने काढा. ते ८९७० आम्ही निषेध लिहून भरलेत, कारण नळ तोडायचा मेसेज आला होता आणि २४ घरांचं पाणी मी माझ्या हट्टापायी धोक्यात घालू शकत नाही. जूनचं बिलही तुम्ही ३०६ युनिटला ८७९० चं पाठवलंय, ते भरलेलं नाही आणि ह्या रकमेचं भरणार पण नाही, त्यावर विलंब आकार लावू नका. आणि कृपा करून ज्या ज्या बिलावर ००१ आहे आणि वापर शेकड्यात आहे ती सगळी बिलं एकदा काढून बघा, एका क्लिकमध्ये यादी मिळेल, प्रत्येक सोसायटीच्या खजिनदाराला कॅल्क्युलेटर घेऊन बसायला लावू नका.

लेखी उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, पाच लाखांच्या आतल्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि आमच्या सोसायटीत दोन रिटायर्ड वकील रिकामेच आहेत, ते वाटच बघतायत.

३०६ युनिटचं खरं बिल २४४८ आणि १२२४ मिळून ३६७२ होतं. मेचे जास्तीचे घेतलेले ५२२६ त्यात वळते केले तर जून फिटून १५५४ रुपये आमचेच तुमच्याकडे जमा राहतात, ते जुलैच्या बिलात कमी करून पाठवा.

आपली,
खजिनदार, गृहनिर्माण संस्था
(ग्राहक क्रमांक आणि पत्ता सोबतच्या बिलांच्या प्रतींवर आहे)