गिरणीवाल्या काकांना, उधारीबद्दल

काका, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला माहीत आहे. चष्म्यावर पीठ बसतं म्हणून तुम्ही मोबाइल पुतण्याच्या हातात देता, आणि गिरणी चालू असताना त्याने वाचलं तर एक अक्षर ऐकू येणार नाही. म्हणून पुतण्याला आधीच सांगते. दुपारी दीडला पट्टा थांबला की वाचायला घे, आणि शेवटपर्यंत वाच. ‘ताई तुमचं कौतुक करतायत’ एवढं सांगून मधेच थांबू नकोस.

गेल्या महिन्यात डोंबिवली पश्चिमेच्या एका महिला मंडळाने मला बोलावलं होतं. विषय, घरगुती उद्योगाची बिनपैशांची जाहिरात. मी काय बोलणार? भाजणी कशी सुरू झाली, गिऱ्हाईक कसं वाढलं, ते सांगितलं. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘काकू, जाहिरातीवर एकूण खर्च किती?’ मी झोकात म्हणाले, ‘एक पैसाही नाही.’ टाळ्या पडल्या, नारळ मिळाला. परत येताना रिक्षात ते वाक्य मलाच टोचायला लागलं. पहिले अडीच हजार मी पाण्यात घातले होते, ते मी गाळले. आणि त्यानंतर जो खर्च झाला तो माझ्या खिशातून गेला नाही म्हणून मी धरलाच नाही.

अडीच हजारांचं तुम्हाला ठाऊकच आहे. २०२१ साल. ह्यांची नोकरी टाळेबंदीत गेलेली, आणि मी थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी आणि मेतकूट विकायचं ठरवलेलं. दोन हजार पत्रकं छापून घेतली. वर लक्ष्मीची पावलं, खाली ‘घरगुती चवीची खात्री’. एक हजार पत्रकं रविवारच्या पेपरातून घरोघर गेली. फोन आले तीन. एका बाईला माझ्याकडे काम हवं होतं, एका गृहस्थांना मला फ्लॅट दाखवायचा होता, आणि तिसरा फोन माझ्या मावशीचा. ‘अगं, तुझा नंबर पेपरात आलाय, पोलिसात सांग.’

दळण घ्यायला आले तेव्हा हे मी तुम्हाला रडवेल्या सुरात सांगितलं. तुम्ही चाळणी आपटत ऐकलंत आणि विचारलंत, ‘उरलेल्या कागदांची मागची बाजू कोरी आहे का?’

कोरी होती. दुसऱ्या दिवशी तो हजाराचा गठ्ठा तुमच्या गल्ल्याशेजारी आला. आधी तुम्ही कॅलेंडरची जुनी पानं फाडून डब्यांच्या चिठ्ठ्या करायचात. आता माझ्या पत्रकांच्या पाठीवर तुमच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं जायला लागलं. गहू ५ किलो, पोळीचं. ज्वारी, बारीक. बेसन लाडवाचं, जाड. चिठ्ठी डब्यात पडायची आणि पिठाबरोबर घरी जायची. मला वाटलं, कागद वाया जाऊ नये म्हणून ही काटकसर. आठवड्याभरात अकरा फोन आले. मी चकित होऊन विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘पेपरातनं पडलेला कागद बाई रद्दीत टाकते. डब्यातनं निघालेला वाचते. तिला शंका येते ना, आपल्या डब्यात दुसऱ्याचं दळण तर नाही आलं?’ पत्रकावरची लक्ष्मीची पावलं कोणाच्या लक्षातही नव्हती, पण नंबर होता.

मग ते प्रमाणाचं भांडण. भांडण मीच केलं, तुम्ही फक्त बोललात. दिवाळी तोंडावर आली होती आणि रोज आठ-दहा जणी तुमच्यापुढे डबा ठेवून विचारायच्या, ‘काका, चकलीच्या भाजणीला उडीद किती हो?’ तुम्ही मला म्हणालात, प्रमाण पुठ्ठ्यावर लिहून द्या, भिंतीवर लावतो. मी उडालेच. ते माझ्या सासूबाईंचं प्रमाण, तेच तर माझं भांडवल! त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘ताई, तुमच्या सासूबाईंचं प्रमाण या गिरणीत निम्मी डोंबिवली घेऊन येते. कोणाचे धणे मूठभर जास्त, कोणाचे कमी.’

दोन दिवस मी घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी लिहिलं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, मूठभर पोहे, धणे आणि जिरे. तांदूळ धुऊन सावलीत सुती कापडावर वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा, एकत्र करायचा नाही, कारण डाळ भाजली जाईपर्यंत पोहे करपतात. चकली तेलात विरली तर मोहन जास्त झालंय, मऊ पडली तर तेल नीट तापलं नव्हतं. हे सगळं लिहून झाल्यावर खाली एक ओळ तुम्ही स्वतः घातलीत. ‘एवढा वेळ नसेल तर तयार भाजणी मिळेल’, आणि माझा नंबर.

त्या पुठ्ठ्याचे फोटो सोसायट्यांच्या ग्रुपवर किती फिरले याचा हिशेब नाही. काही जणींनी बघून स्वतः केली, आणि चकली बिघडली की त्याच नंबरवर फोन करून मलाच विचारलं. मी सांगायचे, हातातली कढई तशीच ठेवून. त्यातल्या बऱ्याच जणी पुढच्या वर्षी गिऱ्हाईक झाल्या. बाकीच्यांचा ‘तांदूळ धुऊन सावलीत’ इथेच जीव दमला. त्या दिवाळीत चौदा किलो जाईल असा माझा अंदाज होता. बासष्ट गेली.

मोबाइलचं काम पुतण्याचं, त्याचे आभार त्याच्याच तोंडून वदवून घेते. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट असतं हे त्याने मला दाखवलं. खिडकीपाशी स्टीलच्या ताटलीत भाजणी ओतून फोटो काढले, कॅटलॉग केला. दुपारी भाजण चालू असताना फोन उचलता येत नाही, तर आपोआप जाणारा निरोप लावून दिला. उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीसाठी, एकाने माझ्याकडे पंधराशे मागितले होते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पुतण्याने गिरणीच्या पायरीवर बसून करून दिली. अन्न परवान्याच्या नोंदणीचे वर्षाला शंभर रुपये मात्र भरले, तेवढा खर्च कबूल. गूगलच्या नकाशावर धंदा चढवला तोही फुकट, आणि घरचा पत्ता झाकून नुसता परिसर दिसेल असा. पडताळणीच्या व्हिडिओत मी गूगलला माझी कढई दाखवली.

अडलं ते व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टला, म्हणजे एकच निरोप एकदम सगळ्यांना पाठवण्याला. दोनशे जणींना दिवाळीचा निरोप पाठवला आणि बहुतेकांच्या पुढे एकच करडी खूण. पुतण्या म्हणाला, एका यादीत दोनशे छप्पन्न नावं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. यावर त्याच्याकडे इलाज नव्हता. तुमच्याकडे होता. डबा हातात देताना तुम्ही म्हणायला लागलात, ‘ताईंचा नंबर भाजणी म्हणून सेव्ह करा, नाहीतर दिवाळीला राहून जाल.’ तुमच्यासमोर उभं राहून सेव्ह करायला लावायचात, काहींना तर चष्मा काढून द्यायचात. सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात माझी पाकिटं ज्यांनी नेली, त्या ताईही तुमच्याच रांगेतल्या. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेलं म्हणा.

एकदा मी आगाऊपणा करणार होते. जी गूगलवर पाच तारे देईल तिला पाव किलो मेतकूट फुकट. पुतण्या म्हणाला, त्यांच्या नियमात बसत नाही, काढून टाकतील. तुम्हाला नियमाचं काही नव्हतं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘मेतकूट देऊन चांगलं म्हणवून घेतलंत, तर मी कोणत्या तोंडाने चांगलं म्हणू?’ तेव्हा मी हसले होते. तुम्ही रोज शे-दीडशे जणींना माझ्याबद्दल चांगलं म्हणत होतात, आणि ते चालत होतं कारण तीस वर्षांत कोणाच्या पिठात तुम्ही काही मिसळलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र सगळ्यांदेखत लिहायला घेतलं, ते.

२०२२ ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधीचा सोमवार. रांगेत आठ-नऊ जणी. मी मागे माझ्या डब्याची वाट बघत होते. एक बाई तावातावाने आल्या, माझं पाकीट गल्ल्यावर आपटलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली. थालीपिठात खडा निघाला, सासऱ्यांची दाढ गेली.’ माझे पाय गार पडले. त्याच आठवड्यात आणखी दोघींनी फोनवर हेच सांगितलं होतं, मी गोड बोलून वेळ मारून नेली होती.

तुम्ही मोटर बंद केलीत. एरवी ऐन दिवाळीत तुम्ही मोटर बंद करत नाही. पट्टा थांबेपर्यंत सगळ्या गप्प होत्या. मग तुम्ही म्हणालात, ‘खडा माझा आहे. काल दगडाला टाकी लावली. पहिलं दळण बाजूला काढायला हवं होतं, राहिलं. ताईंची चूक नाही.’ त्यांना दोन किलो भाजणी दिलीत, पैसे तुमच्या गल्ल्यातून माझ्या हातावर ठेवलेत. मी ते घेतले. हे लिहिताना सगळ्यात जड तेच जातंय, की मी ते घेतले.

टाकी ताजी असली, म्हणजे दळायचा दगड छिन्नीने नुकताच खडबडीत केलेला असला, की पिठात कच येते, हे गिरणीवर येणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत असतं, म्हणून सगळ्यांना पटलं. माझी एकही ऑर्डर हातची गेली नाही. तुमच्याकडे मात्र त्यानंतर कितीतरी दिवस बायका डबा ठेवण्याआधी विचारायच्या, ‘काका, टाकी नवी नाही ना?’ काही जणी नाक्यावरच्या दुसऱ्या चक्कीवर जायला लागल्या, त्यांतल्या दोघी-तिघी अजून परत आलेल्या नाहीत. मला त्यांचे डबे ओळखता येतात.

त्या रात्री मी उरलेले धणे परातीत ओतले. किलोभर धण्यांत अकरा खडे निघाले, धण्याच्याच रंगाचे, मसुरीएवढे. घाऊक बाजारातून स्वस्तातले आणले होते आणि ऑर्डरींच्या गडबडीत निवडले नव्हते. दुसऱ्या दिवशी गिरणीत आले तेव्हा कॅलेंडरकडे नजर गेली. टाकी लावली की तुम्ही तारखेवर लाल फुली मारता. ऑक्टोबरात फुली दोन तारखेला होती. खडा निघाला सतराला. म्हणजे ‘काल’ टाकी लावलीच नव्हती आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. मी कॅलेंडर बघतेय हे तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, ‘बारीक की मध्यम?’ मी म्हणाले, ‘मध्यम.’

त्यानंतर आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. माझ्या नव्वद किलोच्या ऑर्डरी होत्या, म्हणून तेव्हा बोलले नाही. पुढे, इतके दिवस झाल्यावर आता काय, म्हणून.

तर त्या सोमवारी रांगेत असलेल्या, आणि नंतर ज्यांनी हे ऐकलं असेल त्या सगळ्यांना सांगते. खडा माझ्या धण्यांतला होता. दगडाची टाकी पंधरा दिवसांची जुनी होती. काकांनी स्वतःच्या गिरणीचं नाव खराब करून घेतलं आणि माझं राखलं. महिला मंडळाच्या त्या मुलीलाही कळवलंय, खर्च किती झाला ते मला मोजता येत नाही.

दोन किलोचे पैसे पाकिटात घालून पुतण्याकडे देते आहे. तुम्ही ‘राहू द्या’ म्हणणार, म्हणून तुम्हाला देत नाही. आणि काका, आभार. ‘कसचे आभार’ म्हणून मोटर चालू करू नका, एवढी एक ओळ ऐका.

उद्याचं दळण सकाळी अकराला घेऊन येते. धणे मी खिडकीपाशी परातीत निवडायला घेतलेत, किलोला पाऊण तास लागतो. चिठ्ठी घरूनच लिहून आणते, तुमच्या त्या जुन्या गठ्ठ्यातलं एक पत्रक माझ्याकडे उरलंय. थालीपीठ भाजणी, १० किलो, मध्यम, धणे निवडलेले.

तुमची,
भाजणीवाली ताई