बोरघाटाच्या जुन्या रस्त्याचे भवितव्य ठरवा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटातील जुन्या रस्त्याविषयी हे पत्र आहे. ज्याला घाई नाही, त्याने द्रुतगती मार्ग सोडून शिंग्रोबाच्या देवळावरून वळणे घेत वर यावे. श्रावणात कड्यांवरून पाणी कोसळत असते आणि धुके विरळ झाले की राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर उभे राहतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्यच मागणाऱ्या शिंग्रोबा धनगराला गोळी घातली गेली, असे लोककथा सांगते. कथेचा पुरावा मागण्याच्या भानगडीत न पडता वाहनचालक आजही तिथे हात जोडतात.

ही वाट इंग्रजांच्याही फार आधीची आहे. घाटमाथ्यापलीकडच्या कार्ले लेण्यांत कोकणातील सोपारा आणि कर्नाटकातील वैजयंती (बनवासी) येथील दात्यांचे शिलालेख आहेत, यावरून कोकण आणि देश यांच्यातील वर्दळ किती जुनी असावी याचा अंदाज येतो. १८३० मध्ये येथे गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढली.

त्याच १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, नियंत्रित स्फोटांनी पाडण्यात आला. त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्गावर कोंडी होत होती, हे कारण खोटे नव्हते आणि पूल पाडल्याबद्दल येथे वाद घालायचा नाही. परंतु एखाद्या वास्तूचे महत्त्व ती रहदारीला अडचण ठरल्यावरच तपासायचे, ही पद्धत बदलली पाहिजे, कारण तोवर तिची बाजू ऐकून घ्यायला कोणालाच सवड उरलेली नसते.

खोपोली ते कुसगाव या जोडमार्गाचा, म्हणजे ‘मिसिंग लिंक’चा, हेतूच घाटातील वाहतुकीचा भार हलका करणे हा आहे. तेव्हा जुन्या रस्त्याचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याची वेळ हीच आहे. आपल्या विभागाने पुरातत्त्व संचालनालयाला सोबत घेऊन या रस्त्यावरील जुने दगडी कठडे, मोऱ्या आणि बांधकामे यांची नोंद करावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत रुंदीकरणाच्या किंवा दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना हात लावू नये. पावसाळ्यात पर्यटक नेमके वळणावरच गाड्या उभ्या करतात. त्यांना दंड जरूर करावा, पण जिथे रस्ता सरळ आणि दरड सुरक्षित आहे अशा ठिकाणी थांबे बांधून घाटाचा इतिहास सांगणारे मराठी फलकही लावावेत. काचेचे पूल आणि रंगीत कमानी मात्र नकोत. या घाटाला त्यांची गरज नाही.

नोंदणीचे काम कोणाकडे सोपवले आणि ते कधी पूर्ण होणार, एवढे तरी आपण जाहीर करावे, अशी विनंती आहे.

आपला,
या घाटाने नेहमी जाणारा एक नागरिक