भीमबेटका तासाभरात होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंदूरहून एका दिवसात जमणाऱ्या सहलींमध्ये नेहमीच्या मांडू-महेश्वरच्या जोडीला भोपाळजवळचे प्राचीन खडकचित्रांचे भीमबेटका आणि भोजपूर आले, हे छान झाले. पण ‘भीमबेटका तासाभरात आटोपते’ हे वाक्य आणि ‘५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मा’ची चौकट, दोन्ही खटकले.

जीवाश्माची बातमी २०२१ ची. तिथल्या मोठ्या गुहेतला पानासारखा ठसा डिकिन्सोनिया या प्राचीन जीवाचा असल्याचे तेव्हा गाजले होते. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जागेवर जाऊन पाहिले, तर तो निघाला चक्क आग्या मोहोळाचा! पोळे झडून गेले, खडकाला चिकटलेला भाग तेवढा राहिला. आम्हाला भेटलेल्या गाइडनेही जुनीच कथा रंगवून सांगितली. त्याचे एक वेळ सोडा, पण छापील चौकटीवर लोक विश्वास ठेवतात.

आता तासाभराबद्दल. एवढ्या वेळात मोठी गुहा, दोन सेल्फी आणि परत, इतकेच होते. प्राण्यांच्या चित्रांनी भरलेल्या ‘झू रॉक’समोर नुसते उभे राहिले तर आधी काहीच कळत नाही. डोळा सरावला की पांढरी जनावरे एकेक करून वर येऊ लागतात, आणि मग लक्षात येते की त्यांच्या अंगावरूनच पुढच्या कुणीतरी गेरूने शस्त्रधारी घोडेस्वार काढले आहेत. आधीचे पुसायची तसदी कोणी घेतलेली नाही. अश्मयुग आणि मध्ययुग एकाच खडकावर! पुढे १५ क्रमांकाच्या खडकावरचे अवाढव्य शिंगवाले रानडुक्कर आणि त्याच्यापुढे पळणारा चिमुकला माणूस बहुतेक जण न बघताच परततात. हे सगळे जगापुढे आणले ते उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर यांनी. १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना हे खडक त्यांच्या नजरेत भरले. निदान आपण मराठी मंडळींनी तरी तिथे घाई करू नये.

भोजपूरला दर्शन घेऊन लगेच गाडीत बसू नये. राजा भोजाचे हे अकराव्या शतकातले देऊळ अपुरेच राहिले, म्हणून तर बांधकामाच्या खुणा टिकल्या. दगड वर चढवायचा मातीचा उतार मागे आहे आणि आजूबाजूच्या खडकांवर खांब, शिखर यांचे आराखडे कोरलेले आहेत. उन्हे कलली की या रेषा ठळक दिसतात. इथला प्रचंड तलाव मांडूच्या होशंगशाहाने फोडला असे सांगतात. त्याची कबर आपण मांडूला दर पावसाळ्यात पाहतोच.

तेव्हा येत्या रविवारी चौकट दुरुस्त करून छापावी, ही विनंती. सोबत पहाटे पाचला निघायचेही लिहावे. तासाभराच्या हिशेबाने नऊला निघालेली मंडळी भोजपूरला अंधारात पोचतील.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर