बाय, मराठीतून बोल

ठाणे,
आगमनकाळाचा पहिला आठवडा

प्रिय बाय,

कॅथलिक श्रद्धेवर पॉडकास्ट सुरू करायचं तू मनावर घेतलंयस, याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट सांगता आलं नाही. तू कर, नक्की कर. कार्लो अकुतिसला ७ सप्टेंबर २०२५ ला संतपद मिळालं तेव्हापासून तुझ्या मनात हे घोळत असणार. पंधराव्या वर्षी गेलेला पोरगा, कॉम्प्युटरवर बसून ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, चमत्कारांची यादी करत होता, हे वाचून तुझ्यासारख्या कॉम्प्युटरवर पोट असलेल्या पोरीला हुरूप येणारच.

पण तो इंग्रजीत करणार म्हणालीस, तिथे मी अडले आहे. माझं ऐक, मराठीत कर.

इंग्रजीत ऐकणाऱ्याला आज कशाची कमतरता आहे? अमेरिकेतल्या एका फादरांनी १ जानेवारी २०२१ पासून रोज बायबल वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि तिकडच्या सगळ्या पॉडकास्टांत ते पहिल्या क्रमांकावर गेले. फार चांगलं काम आहे ते. पण आपल्या मराठी मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, मागच्या बाकांवर बसणाऱ्या बायकांना त्याचा काय उपयोग? श्रीरामपूर, जालना, संभाजीनगरकडून आलेली ही कुटुंबं. कुणी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरकाम करतं, कुणी घणसोलीत बांधकामावर आहे. सप्टेंबरात काही झालं तरी सुट्टी काढून हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जाणारी ही माणसं. त्यांच्या गावाकडे कॅटेकिस्ट मास्तर असायचे, ते संध्याकाळी वस्तीवर येऊन प्रार्थना शिकवायचे, बायबलातल्या गोष्टी सांगायचे. शहरात आल्यावर ते मास्तर सुटले. माझ्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांची मुलं इंग्रजी पुस्तकातून उत्तरं पाठ करतात. घरी आईने विचारलं की दृढीकरणाचा संस्कार म्हणजे काय रे, तर पोराला सांगता येत नाही.

तुझे पहिले भाग प्रोटेस्टंटांना काय उत्तर द्यायचं, नास्तिकांना काय उत्तर द्यायचं, असे आहेत म्हणालीस. या बायका कुणाशी वाद घालत नाहीत गं. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. नोव्हेंबरात एकीने मला विचारलं, मेलेल्या माणसासाठी मिस्सा सांगायची ती कशासाठी, तो तर गेला. दुसरी मिस्सा संपली तरी जाईना. सगळे गेल्यावर म्हणाली, नवरा दारू पिऊन मारतो, त्याला सोडून राहिले तर ख्रिस्तप्रसाद घेता येईल का? ती आधीच वेगळी राहत होती, आणि त्या भीतीने ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहत नव्हती. चर्चचा कायदा अगदी स्पष्ट आहे. जोडीदारापासून जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला तो परवानगी देतो, आणि तातडीचा धोका असेल तर बिशपांच्या हुकुमाची वाट न बघता निघून जाता येतं. नुसतं वेगळं राहिल्याने ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही. अडचण येते ती पहिलं लग्न रद्दबातल ठरल्याशिवाय दुसरा संसार मांडला तर. एवढी गोष्ट तिला तिच्या भाषेत कुणी सांगितली नव्हती. तिच्यासाठी पंधरा मिनिटांचा एक भाग केलास तर माझ्या मते तो शंभर वादविवादांपेक्षा मोठा आहे.

त्यांच्यातल्या काहीजणी दुसऱ्या प्रार्थनासभांना जातात. त्यांच्यावर टीका करणारा भाग कृपा करून करू नकोस. तिथे कुणीतरी त्यांना नावाने हाक मारतं, आजारपणात घरी येतं, म्हणून त्या जातात.

मराठीत श्रद्धेबद्दल बोलायला शब्द कमी पडतील, असं तू म्हणालीस. अगं, जेझुइट संघाचे थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या आहेत त्यात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून स्टीफन्सनी ओवी निवडली, आणि ते देवळांत मोठ्याने वाचलं जायचं. वाचता न येणाऱ्या माणसाने कानाने ऐकावं यासाठीच ते लिहिलं होतं. आणि आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते काय उसन्या भाषेत लिहून?

आता ठाण्याबद्दल. तुझ्या भागांच्या यादीत रोम आहे, लूर्द आणि फातिमा ही मारियामातेची तीर्थक्षेत्रं आहेत, आणि तू जिथे वाढलीस ते गाव नाही. १३२१ च्या एप्रिलमध्ये इथे चार ख्रिस्ती माणसं मारली गेली: टोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन संघाचे तीन संन्यासी, आणि तिफ्लिसचा दिमित्री नावाचा दुभाषा. हॉर्मुझहून जहाजाने निघाले होते, कोल्लमला जायचं होतं, पण ठाण्याला येऊन लागले. इथे नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या, ख्रिश्चनांच्या घरी उतरले. काही वर्षांनी आलेल्या ओदोरिको या फ्रान्सिस्कन प्रवाशांनी लिहून ठेवलंय की ठाण्यात त्यांची पंधरा घरं होती. हे लोकांना माहीतच नाही! पोर्तुगीज वसईला आले १५३४ मध्ये, म्हणजे त्यांच्याही दोनशे वर्षं आधी या खाडीकाठी ख्रिस्ती माणसं संसार करत होती. आपल्याला कुणी म्हणतं ना, इथे ख्रिस्ती माणसं पोर्तुगीजांमुळेच आली, त्याला आणखी काही सांगायची गरज नाही, ही पंधरा घरं सांगितली की झालं.

आणि ते प्रकरण सुरू कशावरून झालं माहितीये? ज्या घरी ते उतरले होते तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे तक्रार घेऊन गेली. साक्षीदार कोण, तर घरात उतरलेले हे पाहुणे. म्हणून त्यांना बोलावणं गेलं. तिथे बोलणं धर्मावर आलं, मुहम्मदांबद्दल काय मत आहे असं विचारलं गेलं, आणि थॉमस यांनी दिलेल्या उत्तरावरून पुढचं सगळं घडलं. त्यांच्याबरोबर आलेले डॉमिनिकन संघाचे जॉर्डन त्या वेळी इथे नव्हते. परत आल्यावर त्यांनी मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, तुझ्या आजोळाहून हाकेच्या अंतरावर. पुढे ओदोरिकोंनी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. थॉमस यांना १८९४ मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं गेलं.

ही गोष्ट तू सांगच, पण ती कशी सांगतेस याला फार महत्त्व आहे. आजच्या दिवसांत ही गोष्ट कुणाच्याही हातात काठी म्हणून जाऊ शकते. म्हणून ती पूर्ण सांग. त्यांना मारायचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दिल्लीच्या सुलतानाने शिक्षा केली असंही त्याच वृत्तांतात आहे, ते गाळू नकोस. आणि मार खाल्लेल्या त्या बाईला गाळू नकोस. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पुढे तिचं काय झालं तेही लिहिलं नाही. राबोडीतल्या आपल्या मुसलमान शेजाऱ्याने तो भाग ऐकला तर त्याला आपल्याच गावाची गोष्ट ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे.

तसंच आपल्या बाजूचं जे वाईट आहे तेही सांग. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून माणसांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चाललं. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी ते झाकणं, हे जगभर घडलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम केला की फादर आणि सिस्टर यांना अशी गोष्ट कळली तर वरिष्ठांकडे कळवणं बंधनकारक आहे. यावर बोलायला लाजू नकोस. आईबाप हे ऐकतात तेव्हा त्यांना आपल्या लेकरांची काळजी असते. तुझा आवाज तिथे चाचरला तर बाकीच्या भागांवरही ते विश्वास ठेवणार नाहीत. आणि मागच्या बाकांवरच्या त्या कुटुंबांचा आणखी एक विषय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. कित्येक घरांत देवळातलं एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, असं चालतं. यावर बोलायला तू वकिलाला बोलव, आणि त्या घरातल्या माणसालाही बोलव, पण नाव आणि आवाज जपून.

चर्चचा कायदा आपल्यासारख्या साध्या माणसांना बोलायचा हक्क देतो. त्यात एक अट अशी आहे: जिथे मतभेदाला जागा आहे तिथे स्वतःचं मत चर्चची शिकवण म्हणून खपवायचं नाही. ही अट मला फार आवडते. ‘हे मला वाटतं’ आणि ‘ही चर्चची शिकवण आहे’ ही दोन वाक्यं प्रत्येक भागात वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत. शिकवणीचा भाग लिहून काढ आणि फादरांना आधी दाखव. लोक बरं झाल्याच्या साक्षी घेऊन येतील, खूप येतील. ऐकून घे, मान दे, पण चमत्कार हा शब्द तू वापरू नकोस. लूर्दला १८५८ पासून हजारो लोकांनी बरं झाल्याचं सांगितलं, डॉक्टरांनी तपासून आणि बिशपांनी मान्य करून जे चमत्कार ठरले ते शंभरसुद्धा नाहीत. आणि कुणालाही औषध बंद करायला सांगणारी साक्ष अजिबात लावायची नाही.

माईक वगैरे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ऐरोलीच्या तुझ्या खोलीत ठाणे-बेलापूर रोडचा आवाज येतो, तेव्हा कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बस, मागे गोधडी लाव, पंखा बंद कर. देवळात वाचन करायला मला शिकवलं तेव्हा एकच सांगितलं होतं की वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही. तू गिळतेस. भाग वीस मिनिटांच्या आत ठेव, म्हणजे ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या बाईचा तो गाडीतच ऐकून होईल. आणि या बायकांच्या फोनमध्ये पॉडकास्टचं अ‍ॅप नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल एवढी छोटी फाइल कर, ती मी पॅरिशच्या ग्रुपवर टाकेन, तिथून ती श्रीरामपूरपर्यंत आपोआप जाईल.

पहिला भाग कुठला करायचा ते तू ठरव. मला विचारशील तर मेलेल्यांसाठीच्या मिस्सेचा कर, तो प्रश्न प्रत्येक घरात आहे. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईचा दुसरा. ठाण्याचा भाग एप्रिलसाठी राखून ठेव, तोवर नाताळात माहेरी जाऊ तेव्हा सोपाऱ्याला एक चक्कर मारू. येत्या रविवारी संध्याकाळच्या मराठी मिस्सेला ये, नंतर फादर मोकळे असतात, मी त्यांच्या कानावर घालून ठेवलंय. येताना माझा चष्मा तुझ्याकडे राहिलाय तो आण.

तुझी,
आई