पावसाचे नुसते एकूण इंच नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात रोज एक चौकट येते: राज्यात आतापर्यंत अमुक इतके इंच पाऊस. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले आम्ही बागायतदार पेपर उघडल्यावर आधी तीच बघतो. पण म्हादई नदीच्या काठी राहणाऱ्याला जे कळायला हवे, ते या बेरजेत सापडत नाही.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १२० इंचांच्या घरात पाऊस पडतो. तो सारखा वाटून पडत नाही. मृगात पाच इंच पडले तरी उन्हाळाभर तापलेली जमीन बरेचसे पिऊन टाकते, नदी गढूळ होते एवढेच. तेच पाच इंच जुलैत, तरण्या-म्हाताऱ्या पावसात (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांत) पडले तर जमिनीत जागाच नसते. विहिरी काठोकाठ भरलेल्या, डोंगरातले झरे फुटलेले. पडेल तो थेंब ओहोळात आणि तिथून थेट नदीत.

२३ जुलै २०२१ चा पूर असाच ऐन पुष्यात आला. पैकुळचा पूल गेला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा मुख्यमंत्री म्हणाले होते. त्याच दोन दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि चिपळूण बुडाले. अख्खा घाटमाथा कोसळत होता. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि माथ्यावर रिकामे होतात. म्हादईचे खोरे २,०३२ चौरस किलोमीटरचे. त्यातले सुमारे ३७५ कर्नाटकात, थोडे महाराष्ट्रात, बाकी आपले. पाणीवाटपाच्या वादात हे आकडे आपण तोंडपाठ म्हणतो. मग जुलैत वर कर्नाटकातल्या कणकुंबी-जांबोटीकडे रात्रभर काय पडले, ते आपल्या पेपरात का नसावे?

त्या पुराचे पाणी ओसरल्यावर आमच्या कुळागरात (पोफळी-केळींच्या बागेत) केळी आडव्या झाल्या होत्या आणि पोफळींच्या बुंध्यांशी वीतभर तांबडा गाळ बसला होता. पोफळीची मुळे वरवर असतात. गाळ सुकून कडक झाला की ती गुदमरतात, आणि खोरे मारावे तर तुटतात. घरातल्या सगळ्यांनी हातांनी गाळ ओढून काढला. तरीही त्यातली कितीतरी झाडे पुढच्या उन्हाळ्यात पिवळी पडली. त्या वर्षीच्या एकूण इंचांत हे कुठे दिसणार?

हवामान खाते २४ तासांत २०४.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण आठ इंचांच्या पुढे गेलेल्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणते. इशारा मात्र अख्ख्या उत्तर गोव्याला एकाच रंगाचा. बार्देसच्या किनाऱ्याला आणि वाळपईच्या डोंगराला एकच रंग कसा पुरेल?

म्हणून विनंती अशी. एकूण इंच जरूर छापा, पण शेजारी वाळपई, साखळी, फोंडा अशा केंद्रांचा गेल्या २४ तासांतला पाऊस वेगवेगळा द्या. घाटमाथ्याचा आकडा द्या, अंजुणे धरणाची पातळी द्या. आणि पणजीच्या भरती-सुकतीच्या वेळा द्या. म्हादईच खाली मांडवी होते, आणि मांडवीत भरतीचा परिणाम वर गांजे गावापर्यंत जाणवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वरून लोंढा आला तर खालच्या गावांतले पाणी समुद्राकडे सरकतच नाही. जुलैत हे रोज हवे. सप्टेंबरात थोडे ढिले झाले तरी चालेल, पण हस्त-चित्रांत, सरदाचे (पावसाळी) भात कापणीला आले की पुन्हा रोज हवे. तेव्हा दुपारनंतर गडगडून येणारी एक सरही उभे पीक झोपवते.

सरकारी खात्यांनी हे आकडे तासातासाला मराठीतून पंचायतींपर्यंत पोहोचवावेत, यासाठीही आपण लिहावे. नदीकाठचा पंप उचलून वर न्यायचा आणि गोठ्यातली गुरे सोडून चढावर हाकायची, तर निदान दोन तास हाताशी लागतात.

आपला,
एक बागायतदार, सत्तरी