कैकोराचे देवमासे आणि तुमचे पासपोर्ट

क्राइस्टचर्च

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर म्हणालीस, "रत्नागिरीला समुद्र नाही का, तिकडे पैसे मोजून बघायला जाता?" ईराची मध्येच भुणभुण चालली होती, म्हणून तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता कैकोराला देवमासे बघायला गेलो होतो, ते सगळं सविस्तर लिहिते.

कैकोरा हे न्यूझीलंडमधलंच समुद्रकाठचं गाव, इथून उत्तरेला 180 किलोमीटर, गाडीने अडीच तास. एका अंगाला बर्फाचे डोंगर आणि पायथ्याशीच समुद्र. आपल्याकडे किनाऱ्यापासून कितीतरी मैल आत गेलं तरी समुद्र तसा उथळच. इथे मात्र किनाऱ्याजवळच पाण्याखाली एक दरी सुरू होते आणि हजार मीटरच्याही खाली उतरते. तिथल्या माकूलांवर (स्क्विडवर) जगणारे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे म्हणूनच इतक्या जवळ सापडतात, आणि तेही बारा महिने. बाबा, तुम्ही पेपरातून 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवता ना, ती उलटी याच जातीच्या पोटातली.

गंमत म्हणजे इथे दिसतात ते जवळजवळ सगळे नर. माद्या आणि पिल्लं वर उत्तरेकडे, गरम पाण्यात. बाप्ये तेवढे थंडीत पोटापाण्यासाठी उतरलेले, आपल्या मुंबईच्या चाकरमान्यांसारखे. शिमग्याला घरी जातात की नाही ते मात्र विचारलं नाही.

बोटीवर सगळ्यांना आधी खाली बसवतात. आई, बोट लागते हे खरं आहे. निखिल निम्मा वेळ डोळे मिटून बसला होता, मी आल्याचा तुकडा चघळत होते, आणि ईरा मजेत चिप्स खात होती. मग एके ठिकाणी इंजिन बंद केलं आणि कप्तानाने पाण्यात माइक सोडला. हा देवमासा खाली शिकार शोधताना सतत टक् टक् असा आवाज करतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून काळोखात वाट काढतो. तो आवाज थांबला की समजायचं, स्वारी वर येते आहे. एकेक बुडी पाऊण-पाऊण तासाची असते, त्यामुळे वाट बघणं हेच निम्मं काम.

तो वर आला तेव्हा पहिल्यांदा दिसला तो फवारा. सरळ वर न जाता पुढे डावीकडे कललेला, कारण याचं नाक डोक्याच्या पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला असतं. जाहिरातीत देवमासे उड्या मारतात. हा काही उडीबिडी मारत नाही. सुरकुतलेली राखाडी पाठ वर ठेवून नुसता पडून राहतो आणि श्वास घेतो. पण तो श्वास ऐकू येतो गं! एवढ्या मोठ्या जिवाचा, सावकाश. मला उड्यांपेक्षा हेच आवडलं. पाच-दहा मिनिटांनी पाठ कमानीसारखी वाकली, शेपटी पूर्ण वर आली आणि गेला. शेपटीच्या कडेच्या खाचांवरून कोणता नर आहे ते इथले लोक ओळखतात.

2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, आठवतं? इतक्या लोकांनी खटपट करून ते खोल पाण्यात नेलं, तरी वाचलं नाही. तुला तेव्हा ते व्हिडिओ बघवत नव्हते. म्हणून वाटतं, जिवंत, धडधाकट देवमासा तू एकदा बघावास.

बाबा, आता तुमच्या कामाची गोष्ट. ही बोटींची कंपनी तिथल्या माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांची. ऐंशीच्या दशकात रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्या, गावात काम उरलं नाही. तेव्हा चार कुटुंबांनी राहती घरं गहाण टाकून पहिली बोट घेतली, 1987 साली. तुम्ही बँकेच्या शाखेत असताना असं कर्ज मंजूर केलं असतं का? खरं सांगा! याच किनाऱ्यावर आधी देवमासे मारायचा धंदा होता, देशात तो 1964 पर्यंत चालला. त्या काळातलं एक गुलाबी घर अजून आहे, आणि त्याच्या पायात देवमाशांचे मणके घातलेत. आता तोच मासा जिवंत राहिला तर गाव जगतं.

तिकीट स्वस्त नाही, हे कबूल. पण देवमासा दिसलाच नाही तर 80 टक्के पैसे परत देतात. हे ऐकून तुमचा चेहरा जरा सैल झाला असणार.

गुडघ्यांची काळजी करू नका. बोटीत बसायला चांगल्या खुर्च्या आहेत आणि कठडे धरूनच बाहेर यायचं असतं. वारा मात्र उन्हाळ्यातही झोंबतो, त्यामुळे कानटोपी हवीच. डिसेंबर-जानेवारीत या. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून कैकोराला दोन-तीन रात्री हाताशी ठेवू.

बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून लगेच कळवा, म्हणजे व्हिसाचं बघते. आई, आलेपाकाच्या वड्या घरच्याच आण, फक्त विमानतळावरच्या फॉर्मवर खायच्या वस्तू न विसरता लिहायच्या. आंबे, फळं काही आणू नकोस, ते काढून घेतात. आणि बाबांना डॉक्टरांकडे एकदा नेऊन आण, पुढच्या आठवड्यातच.

तुमची,
मनू