बाबा, सकाळी साडेनऊला बाहेर निघा

नागपूर, १४ डिसेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही तिकडे स्कॉटलंडला, ग्लासगोत ताईकडे आणि मी इथे. रविवारी व्हिडिओ कॉलवर बोललो, तेव्हा बाबांसमोर टेबलावर एक संत्रं होतं. पाऊण तास बोललो आपण, ते तसंच पडून होतं. बाबा, इथे गच्चीत पेपर वाचताना तुम्ही एका सालीत अख्खं संत्रं सोलता, शिरा काढून एकेक फोड आईच्या हातावर ठेवता. "इथल्या संत्र्याला कुठली आली चव," आई म्हणाली. पण मला ते संत्रं रात्री झोपेतही दिसत होतं.

बाबा असे मलूल का झाले, तर आई, तू म्हणतेस थंडी आहे, वय झालं. थंडीचं म्हणशील तर २०१८च्या डिसेंबरात इथे पारा साडेतीन अंशांवर आला होता आणि बाबा कानटोपी चढवून सेमिनरी हिल्सला फिरायला गेलेच होते. हे थंडीचं नाही, उजेडाचं आहे, असं मला वाटतं. ग्लासगोला आत्ता पावणेनऊला सूर्य उगवतो, पावणेचारला मावळतो आणि मधेही ढगच. आपल्याकडचा वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा असतो. जन्मभर विदर्भाच्या उन्हात राहिलेल्या माणसाला हे जड जाणारच.

आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हाच सांगायला हवी होती.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी रात्रपाळीला होतो. संध्याकाळी सहाला मिहानला कामावर निघायचो, पहाटे यायचो आणि जाड पडदे ओढून दुपारी तीनपर्यंत झोपायचो. जानेवारी उजाडेपर्यंत माझं मन कशातच लागेना. संक्रांतीला गल्लीतली पोरं पतंगासाठी हाका मारत होती आणि मी अंथरुणातून उठलो नाही. आई, तू सोले-वांग्याची भाजी केलीस आणि मी ताट सरकवलं. तू विचारलंस तेव्हा "काम फार आहे" म्हणालो. खोटं बोललो. मी धंतोलीत एका मानसोपचार डॉक्टरांकडे जात होतो. जिना चढेपर्यंत हेल्मेट काढायचो नाही, कोणी ओळखेल म्हणून. लहानपणापासून ज्या चौकाला आपण बिनदिक्कत पागलखाना चौक म्हणत आलो, तो शब्द माझ्या मानगुटीवर बसला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, पाळी बदलून घेतली आणि बरा झालो. तुम्हाला काळजी नको म्हणून लपवलं. आता बाबाही तेच करून राहिले, असं दिसतं.

त्या डॉक्टरांनीच समजावलं होतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ लागतं. नाही गेला की झोप, भूक, हुरूप सगळ्यांच्या वेळा चुकतात. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण ढगाळ दिवशीही बाहेर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या हिवाळी नैराश्याचं रीतसर वर्णन केलं. हे रोझेंथल मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, म्हणजे उन्हातलेच. न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात त्यांचीच उमेद खचली होती. बाबा, तुमच्यात काही कमी पडलं, असं मनात आणू नका.

तिथे उजेडाचे खास दिवे मिळतात, दहा हजार लक्सचे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायचं. ताई लगेच मागवायला निघेल. पण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी झालं तरी माणूस असाच मलूल होतो, त्यामुळे रक्त तपासायला सांगा. ताईला त्रास कशाला, असं म्हणू नका. तिला हे माहीतच नाही, याचाच तिला जास्त त्रास होईल.

बाबा, फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "आता आपलं काय काम राहिलं?" तेव्हापासून एक विचारायचं आहे, हात थरथरतोय तरी विचारतो. जगूच नये, असं कधी मनात येतं का? डॉक्टरांनी मला हे असंच सरळ विचारलं होतं आणि कुणीतरी विचारलं म्हणूनच मला रडू फुटलं, मोकळं वाटलं. येत असेल तर त्याच क्षणी आईला उठवा, ताईला उठवा, मला रात्री तीनलाही फोन करा. तिकीट बदलून घेता येतं. नात मोठी व्हायला पुढचे सगळे उन्हाळे आहेत.

तोवर एवढंच करा. नाश्ता झाला की साडेनऊला नातीला बाबागाडीत घालून बाहेर पडा. पाऊस असला तर छत्री घ्या, पण निघा. तेव्हा इथे दुपारचे तीन वाजतात. मी चहाच्या सुट्टीत बाहेर उन्हात येऊन तुम्हाला फोन लावीन, रोज. तुळशीला पाणी घालतोय. शेजारच्या काकांनी सकाळी संत्र्यांची पिशवी आणून दिली, त्यातली दोन फोनवर दाखवीन. तुम्हीही कोटाच्या खिशात एक घेऊन या, चालता चालता सोला.

तुमचा,
बाळू